सपाट राज्यातला मुक्काम

३ जानेवारी, संध्याकाळ
पोचलो. चार दिवसांचं काम, फार तर. साहेबांना निघतानाच सांगितलं, तक्रारीत दम नाही. पाचवीच्या भूगोलाचा सातवा धडा माझा आहे आणि बावीस वर्षं मुलं तो पाठ करतायत: हे राज्य सपाट व कोरडे आहे. येथील आकाश वर्षभर निरभ्र असते. लोक मितभाषी आहेत. तीन वाक्यांत अख्खं राज्य बसवलंय. इथल्या शाळेतल्या एका बाईंना ते पटत नाही. नऊ वर्षांत चौदा पत्रं. चौदावं वरच्या ऑफिसात गेलं, म्हणून साहेब म्हणाले, जा, बघून या आणि प्रकरण मिटवा.
बस दोन तास लेट. दाट धुकं होतं. योगायोग.
बाई स्टँडवर न्यायला आल्या होत्या. हातात टॉर्च. वाटलं, तिथेच भांडायला लागतील. म्हणाल्या, सर, जपून, पुढे पायरी आहे.

४ जानेवारी
गावातलं लॉज बंद पडलंय. बाईंच्या आत्यांच्या घरी वरची खोली मिळाली. खाट, टेबल, एक खिडकी. खिडकीत नुसतं पांढरं. बाई म्हणाल्या, समोरच डोंगर आहे, सर. पाहिलं. वहीत नोंद केली: डोंगर आढळला नाही.
आत्या सकाळी सहाला चहा घेऊन आल्या, त्या पावणेनऊला खाली गेल्या. तेवढ्या वेळात मी 'हो का' एवढंच बोलू शकलो. पण एका व्यक्तीवरून राज्याविषयी मत बनवणं अशास्त्रीय आहे.

५ जानेवारी
आठ, बारा आणि चार वाजता निरीक्षण केलं. डोंगर नाही. तीनदा नाही.
'निरभ्र'बद्दलही विचार केला. निरभ्र म्हणजे ढग नसलेलं. आकाशात एकही ढग दिसत नाहीये. आकाशही दिसत नाहीये, पण तो वेगळा मुद्दा.
बाईंनी विचारलं, धडा लिहिण्याआधी सर इथे कधी आला होतात? म्हटलं, प्रत्यक्ष पाहूनच लिहिलाय. खोटं नाही. आदल्याच वर्षी रात्रीच्या गाडीनं या राज्यातून गेलो होतो. जागा होतो तेवढा वेळ सपाटच होतं.

६ जानेवारी
परतीची बस रद्द. तिकीट खिडकीवरच्या माणसानं बस का रद्द, गेल्या वर्षी किती दिवस रद्द, आणि त्याच्या मेव्हण्याचं लग्न धुक्यामुळे कसं अडलं, हे सगळं सांगितलं. मागे रांग होती. रांगेनंही भर घातली.
हिला फोन केला. ही म्हणाली, धुकं कसं? तुमच्या पुस्तकात तर तिथे ऊन असतं. म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, ठेवतो.

८ जानेवारी
बस रद्द. उद्या नक्की.
खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत सात पावलं. तिरकं चाललं तर साडेआठ. वाचायला काही आणलं नाही, बॅगेत आपलं पुस्तक तेवढं आहे. सातवा धडा वाचला. तीन वाक्यांना किती वेळ लागणार.

९ जानेवारी
बस रद्द. आता विचारायलाही गेलो नाही. आत्याच सांगायला आल्या, दीड तास.
संध्याकाळी बाईंनी एका उत्तरपत्रिकेची प्रत दाखवली. गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती परीक्षा. प्रश्न: तुमच्या राज्याची प्राकृतिक रचना सांगा. एका मुलीनं लिहिलंय, आमचे घर डोंगरावर आहे, शाळेत येताना मी रोज उतरते. चारपैकी शून्य. तपासणाऱ्यानं शेजारी लाल शाईत लिहिलंय, पुस्तक वाचावे. शिष्यवृत्ती दोन गुणांनी गेली. पोरगी आता शाळेतच येत नाही, म्हणे. चौदावं पत्र तिच्यासाठी होतं.
मी म्हटलं, उत्तर मुद्देसूद हवं होतं. बाई कागद घडी करून घेऊन गेल्या.
जेवण नीट गेलं नाही. हवेमुळे.

१० जानेवारी, सकाळ
ठरवलं. चालत जायचं. रेल्वे स्टेशन सहा किलोमीटर, आणि सपाट जमिनीवर सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. बाई शाळेत गेल्यावर निघतो.

१० जानेवारी, दुपार
दवाखान्यात लिहितोय. स्टेशनचा रस्ता बहुधा डावीकडे होता. मी सरळ गेलो. रस्ता किंचित चढा वाटला, ते बॅगेच्या वजनामुळे. धाप लागली, ती वयामुळे. पाऊण तासानं पायाखालची जमीन संपली.
चौघांनी खाटेवर घालून खाली आणलं. वाटभर चौघंही बोलत होते. डोंगरावर सुटकेस घेऊन का चढलात, असं मला तीनदा विचारलं.
घोट्याचं हाड मोडलंय. तीन आठवडे पाय खाली टेकवायचा नाही. पुन्हा तीच खोली.

१४ जानेवारी
सकाळी दहा वीसला धुकं उठलं.
डोंगर आहे.
खिडकी भरून आहे. आकाश पाहायचं तर खाटेवरून मान वाकडी करावी लागते. झाडं, मध्येच एक ओढा, वर सात-आठ घरं. एक माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरत होता, त्याला खाली पोचायला अर्धा तास लागला. मी पूर्ण अर्धा तास पाहिलं.
दुपारी धडा नव्यानं लिहायला घेतला.

१६ जानेवारी
अकरा पानं झाली. बाई आणि आत्यांना वाचून दाखवली. आत्यांनी ओढ्याचं नाव दुरुस्त केलं. बाईंनी डोळे पुसले आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. मी म्हटलं, सुधारित आवृत्तीत हाच धडा जाईल, माझी जबाबदारी. आमच्या ऑफिसात माझा शब्द चालतो.

१७ जानेवारी
साहेबांना फोन केला. आधी पायाची चौकशी केली. मग म्हणाले, पुस्तक चार तारखेलाच छापायला गेलं. तीन लाख प्रती. पुढची आवृत्ती सात वर्षांनी. म्हटलं, मग मला कशाला पाठवलंत? म्हणाले, पत्राला उत्तर द्यावं लागतं, म्हणून. आणि दम नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना. जूनमध्ये रिटायर होताय, विश्रांती घ्या.
बाईंना उद्या सांगतो.

१८ जानेवारी
आज त्यांना शाळेत काम होतं. उद्या.

२० जानेवारी
बाईंनी शाळेत सांगून टाकलंय की आपला धडा बदलला. आज सांगणं बरं दिसलं नसतं.

२३ जानेवारी
बाई अख्खी पाचवी घेऊन आल्या. एकतीस मुलं. खोलीत मावेनात, काही जिन्यात बसली. बाई म्हणाल्या, सर, वाचून दाखवा. पाय उशीवर ठेवून अकराही पानं वाचली. ज्याचं घर यायचं तो खिडकीतून बोट दाखवायचा. एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं.
संपल्यावर पुढे बसलेल्या मुलीनं विचारलं, सर, शिष्यवृत्तीला हेच लिहायचं ना?
सगळे माझ्याकडे पाहत होते. बाईही. सांगायची वेळ हीच होती, म्हणून साहेबांचं बोलणं सांगितलं. मुलांना तीन लाख प्रती म्हणजे काय ते कळलं नसावं. बाईंना कळलं.
मुलगी थांबूनच होती. पेन उघडून. पुन्हा म्हणाली, मग काय लिहू?
म्हणालो, लिही. हे राज्य सपाट व कोरडे आहे.
तिनं लिहून घेतलं. मग बाकीच्या तिसांनीही. लिहिताना एकानंही खिडकीकडे पाहिलं नाही.