दाराबाहेरचे बूट आणि तुझी दोन पानं

कार्शियाका, इझमिर
२८ ऑक्टोबर

चि. ओयतुन,

गुरुवार, १७ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ लिहून ठेव. त्या वेळी तू रॉटरडॅममध्ये ऑफिसच्या खुर्चीत बसून इथे माझ्या दारात माझी अब्रू घालवलीस.

तुझी तब्येत उत्तम असणार. दोन पानं भरून जगाला सल्ले देणारा माणूस आजारी नसतो. सूनबाई बिर्गुलला आशीर्वाद, तिच्या आईला नमस्कार. (आईंचा विषय पुढे निघणार आहे, म्हणून नमस्कार आत्ताच उरकते.) माझं विचारशील तर गुडघे बरे आहेत, बाकी काही बरं नाही.

तुझ्या ऑफिसातला योरिस इझमिरला येतोय, त्याला एकदा चहाला बोलाव, असं तू फोनवर म्हणालास. मी गुरुवारी बोलावलं. त्या दिवशी आमचा बायकांचा चहा माझ्याकडे होता, घर झाडलेलं होतं, बोरेक झालेला होता. (पालक भरून, पापुद्र्यांचा. तो या मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाला जमत नाही.) मुलगा उंच, नम्र आणि इथे कसं वागावं म्हणून तू लिहून दिलेल्या कागदावर पूर्णपणे चालणारा निघाला. तो कागद मी नंतर त्याच्याकडून मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

याच शहरात जन्मून तू पाहुण्यांना सिमित मागायला सांगतोस? तीळ लावलेल्या त्या पावाच्या कड्याला इथे गेव्रेक म्हणतात, हे इस्तंबूलवाल्यांच्या नादाने विसरलास? शेअर टॅक्सीत मागे बसल्यावर भाड्याचे पैसे हातोहात पुढे पाठवावेत, हे लिहिलंस. पण सुटे परत येतात तेही हातोहात मागे जातात, हे कोण लिहिणार? योरिसने कुणा बाईंचे सुटे मनापासून आभार मानून खिशात घातले. चहाला नाही म्हणू नये, हेही लिहिलंस. पुरे झालं की ग्लासावर चमचा आडवा ठेवावा, हे नाही. मी ग्लास रिकामा दिसला की भरत होते, तो भरलेला दिसला की रिकामा करत होता. दोघंही सभ्य, त्यामुळे थांबायला कोणी तयार नाही. शेवटी त्याचा रंग पाहून बेदियाबाईंनीच त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या पानावर तू लिहिलंस, की कोणाच्या घरी गेल्यावर दाराबाहेरचे सगळे बूट टोकं बाहेर करून नीट लावावेत, मोठ्या माणसांना निघताना सोपं जातं, फार मान दिल्यासारखं होतं. बिर्गुलच्या आईंच्या गावी होत असेल मान. तिथल्या लोकांना नावं ठेवत नाही. आमच्या बायकांत त्याचा एकच अर्थ आहे: निघा, आणि परत येऊ नका. तुझी आजी नकोशा पाहुण्यांसाठी दुसरं काही करत नसे. सख्खा नातू हे विसरतो?

तर चार वाजून दहा मिनिटांनी योरिसने जिन्यात वाकून सगळ्यांचे बूट मानाने वळवले आणि आत येऊन हसत बसला. सहा वाजता बायका उठल्या, दार उघडलं. एकही टोक माझ्या घराकडे नव्हतं.

पेरानबाई म्हणाल्या, "शुकूफे, एवढी घाई होती तर सांगायचंस गं. केकच्या आधीच उठलो असतो."

बेदियाबाई बूट चढवता चढवता म्हणाल्या, "शिकलेली आहे ना, नन्सच्या शाळेतली. तोंडाने कशाला सांगेल?"

मी त्याच रात्री पेरानला फोन केला, की अगं, हे त्या पाहुण्याने केलं. त्यावर ती म्हणते, "आता परदेशी पोरावर ढकलतेस? त्याला काय कळतंय आपल्यातलं?" तिचं म्हणणं बरोबरच आहे. त्याला कळत नाहीच. कळायला हवं होतं ते तुला.

पुढचा चहा २१ नोव्हेंबरला बेदियाबाईंकडे आहे. मला बोलावणं नाही. पालक घ्यायला गेले, तर भाजीवाला म्हणतो, "अहो, या वेळी बोरेक पेरानबाई करतायत ना?" ओयतुन, तुझे आतोबा गेल्यापासून माझ्या महिन्यात तो एक गुरुवार आहे. बाकीचे दिवस मी बोटीने कोनाकला जाते आणि त्याच बोटीने परत येते.

म्हणून तू स्वतःच्या हाताने, शाईने, चूक तुझी आहे असं स्पष्ट लिहून प्रत्येकीच्या नावाने वेगळं पत्र पाठवायचं. फोन नको, फुलं नकोत, बिर्गुलकडून निरोप तर मुळीच नको. सगळी पत्रं सोमवार, १८ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात हवीत. पत्राच्या शेवटी द्यायचे डोळ्यांचे पापे ती आल्यावर.

तुझी आत्या,
शुकूफे

ता. क. योरिसला रागावू नकोस. त्याने जाताना माझ्या बाल्कनीची अडकलेली खिडकी सोडवून दिली. परत आला तर चालेल, मात्र जिन्यात हात खिशात ठेवून.

ता. क. २. नेझिहेबाईंना पत्र नको. दुकानातला केक ताट बदलून घरचा म्हणून आणतात आणि वर मला कृती सांगतात. त्या दिवशीच्या बुटांचा अर्थ त्यांना अगदी बरोबर लागला आहे.