आधी ठोकळे, मग जेवण

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केला असे समज, प्रत्यक्षात गुडघा परवानगी देत नाही.) तुझी कंबर कशी आहे? सांगितलेले व्यायाम तू करत नसशीलच. आमच्याकडे सर्व ठीक, म्हणजे कुणी दवाखान्यात नाही.

नातीला इन्सुलिनचा पंप बसवल्याचे लेकीने तुला कळवले असेलच. साबणाच्या वडीएवढे यंत्र, एक बारीक नळी, दंडावर साखर मोजणारी चकती, आणि साडेचार वर्षांच्या पोरीच्या कमरेला पट्टा. रोजच्या चार-पाच सुया वाचल्या हे खरे. पण यंत्र सगळे आपोआप करते हा माझा समज पहिल्याच दिवशी मोडला. ताटात कर्बोदके किती ग्रॅम ते आपणच मोजून सांगायचे, मग ते तेवढे इन्सुलिन सोडते. आणि एकदा सोडले की पोरीने जेवलेच पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर घसरते. लेकीने हे तीनदा बजावले. मी म्हटले, "छत्तीस वर्षे शाळा चालवली आहे. एका पोरीला जेवू घालायला मला शिकवू नकोस." ती कामावर गेली.

मंगळवारी दुपारी मी भाताचे वजन केले (दोनदा, पहिल्यांदा वाटीही धरली होती), आकडा दाबला, इन्सुलिन गेले. ताट वाढते तोच पाहते तर खोलीभर ठोकळे. सवयीने तोंडातून निघाले, "आधी पसारा उचल, मग जेवण." तिने हाताची घडी घातली. मीही घातली. ताई, ताट फडताळावर ठेवून आम्ही दोघी वीस मिनिटे तशाच बसलो, आणि मला स्वतःच्या शिस्तीचे कौतुक वाटत होते! मग यंत्र बोंबलू लागले. मी त्यालाही "गप्प बस" म्हटले (खरेच म्हटले). पोर म्हणाली, "आजी, ते तुला ओरडतंय." तिची जीभ जड झाली होती, कपाळ ओले, बोटे थरथरत होती.

गेलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. फळांच्या रसाची बाटली उघडताना पाव बाटली मी अंगावर सांडली, बाकीची तिला पाजली आणि घड्याळ धरून बसले. साखरेचा आकडा आधी आणखी खाली गेला. त्या पंधरा मिनिटांचे वर्णन मी करणार नाही. मग तो चढला. पोर पोटभर जेवली आणि ठोकळे मी उचलले.

संध्याकाळी लेकीला सगळे सांगितले. ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "घाबरलीस ना आई? मी रोज घाबरते."

बाकी मजेत. व्यायाम कर.

तुझी धाकटी

ता. क. मी घाबरलेली नाही. अक्षर हलले आहे ते टेबल डुगडुगते म्हणून.

आणखी एक ता. क. टेबल पक्के आहे. महिनाभर इकडे राहायला ये. पोरांना लाडावतेस म्हणून आयुष्यभर मी तुला बोलले, आता तेच काम आहे. मी "आधी हे कर" म्हटले की माझ्या हातातून ताट हिसकावून पोरीला भरवायचे. मी रागावेन. अजिबात ऐकू नकोस.