मेलेल्याचं असंच असतं

१३ ऑक्टोबर १९६३, रविवार

पोचले एकदाची! मलकापूरहून धामणगाव बढ्यापर्यंत एस.टी. आणि पुढे सात मैल बैलगाडी. वाटेत दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली. एवढ्या आत कशाला आलात, असं गाडीवानाने विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यातल्या माणसांना विश्रांती घ्यायला शिकवायला. तो इतका हसला की बैल बिचकले.

पण काम खरंच तेच आहे. नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात तीन वर्षं नर्स म्हणून काढली, म्हणून मला निवडलं. जूनमध्ये इथे पटकीची साथ आली होती. त्या वेळी जे राबले त्यांच्या मनाचीही कुणीतरी विचारपूस करावी, असं जिल्ह्याच्या साहेबांना वाटलं. महिनाभर राहायचं आहे.

दवाखाना गावापासून मैलभर दूर, बरडावर. डॉक्टर वामनराव स्वतः सामोरे आले, माझी ट्रंकही त्यांनीच उचलली. मृदू बोलणारा माणूस. सारखं कार्बोलिकने धुऊन त्यांच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सोलवटली आहे. नर्स तानुबाई पन्नाशीच्या आहेत. त्यांनी अंबाडीची भाजी आणि गरम भाकर वाढली. मलमपट्टी करणारा पंजाबराव रुंद खांद्यांचा, बोलघेवडा. पलीकडच्या खोलीत माझी खाट टाकली आहे. मला इथे आवडणार.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला वर्ग घेतला. दुपारी पेशंट पांगल्यावर तानुबाई आणि पंजाबरावला बाकावर बसवलं. त्यांना सांगितलं की झोप उडणं, उगाच राग येणं, घास न उतरणं ही दुखणीच आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जे पाहिलं ते कुणाजवळ तरी बोलावं, आणि पाळीपाळीने रजा घ्यावी.

पंजाबराव म्हणाला, "मनाले काय होते बाई? मन काय आतडं हाये सडायले?"

तानुबाई हसल्या नाहीत. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. जूनपासून इथे कुणी एक दिवसही रजा घेतलेली नाही, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तानुबाई आज आपणहून माझ्या खोलीत आल्या. दार लावलं आणि बोलू लागल्या.

नऊ दिवसांत अडतीस माणसं गेली. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जो गेला त्याला उचलायचं आणि त्या जागी दुसऱ्याला निजवायचं. डॉक्टर नऊ दिवस आडवे झाले नव्हते. आठव्या दिवशी त्यांनी पुष्पाबाई नावाच्या तरण्या बाईकडे बोट दाखवून 'गेली' म्हणून सांगितलं. तानुबाईंना तिचा हात हलताना दिसला. त्यांनी तसं सांगितलंही. डॉक्टर म्हणाले, मेलेल्याचे स्नायू हलतात. गाडीत घालून तिला नेली आणि बाकीच्यांबरोबर जाळली.

हे कुणाला सांगू नका, म्हणून त्यांनी माझे हात धरले. मी शब्द दिला. त्यानंतर त्या माझ्याच खाटेवर झोपल्या. जूनपासून पहिल्यांदाच इतकी झोप लागली, म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. याचसाठी तर आले आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

भयंकर सकाळ. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम पंजाबराव धूत होता. कळ सोसेना म्हणून म्हाताऱ्याने त्याचा सदरा घट्ट धरला. पंजाबरावने लोखंडी ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. मग पुन्हा. पुन्हा. मी आणि तानुबाईंनी ओढून काढेपर्यंत म्हाताऱ्याचं नाक चेपलं होतं, दात फरशीवर पडले होते. त्याची सून किंचाळत अंगणात धावली.

नंतर पंजाबराव विहिरीमागे बसून लहान मुलासारखा रडला. मी शेजारी बसले. मग तो बोलला.

"तिनं असाच माह्या सदऱ्याले हात घातला होता, बाई. पुष्पीनं. गावच्या उकंडराव पाटलानं पाय धरले, मी खांदे. मी तिची बोटं एक एक करून सोडवली."

मी पंजाबरावसाठी महिन्याच्या रजेचा अर्ज लिहिला. डॉक्टरांनी तो वाचला, नीट चार घड्या घातल्या आणि फाडला. इथे वेडं कुणी नाही, म्हणाले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

माझ्या हातून चूक झाली आहे की काय, कळत नाही.

दुपारी डॉक्टरांशी बोलायला गेले. तुम्हीच सगळ्यांत जास्त थकला आहात, तुम्हीही रजा घ्या, असं सांगितलं. ते ऐकून घेत होते. त्या भरात मी बोलून गेले की तानुबाईंना त्या बाईचा हात हलताना दिसला होता, त्या तेच ओझं वाहत आहेत.

ते रागावले नाहीत. कागद घेऊन त्यांनी मला स्नायूंचं चित्र काढून दाखवलं. मेलेले हात हलवतात, म्हणाले. कधी चालतात. कधी महिनोन्‌महिने कामही करतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. मग माझा हात मागितला आणि नाडी पाहिली. फार वेळ पाहिली. मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं.

निघताना मी तो कागद वाचला. माझं नाव, आजची तारीख, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. नाडी नाही.

त्याच्या वर तानुबाईंचं नाव होतं.

उद्या सकाळीच जिल्ह्याला पत्र घेऊन जाईन. तानुबाईंनाही बरोबर नेते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ

तानुबाई नाहीत.

बाळंतिणीच्या खोलीत सापडल्या. टेबलावर. हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडात कापूस कोंबलेला. गळ्यापासून ओटीपोटापर्यंत चिरलेल्या. डॉक्टर शेजारी उभे राहून हात धूत होते. मला पाहून म्हणाले की फार हालली, पण मेलेल्याचं असंच असतं. ही जूनमध्येच गेली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी सांगितलं होतं त्यांना. मी शब्द दिला होता आणि मीच—

दुपार

औषधांच्या कोठीत आहे. पंजाबराव माझ्या मांडीवर.

तो खलातला लोखंडी बत्ता घेऊन डॉक्टरांवर धावला. एक फटका त्यांच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा बसण्याआधीच त्यांनी सुरी त्याच्या पोटात खुपसली. खुपसून वर ओढली. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला इथे ओढत आणलं, कडी लावली. बाहेरूनही कडी लागल्याचा आवाज आला.

होता तेवढा सगळा कापूस दाबला आहे. थांबत नाही. तो विचारतो, काऊन अंधार झाला बाई. बाहेर रखरखीत ऊन आहे.

आज धामणगावचा बाजार. गावात कुणी नाही. ओरडून घसा बसला.

डॉक्टर दाराबाहेर बसून शांतपणे समजावत आहेत. घाबरू नका, म्हणतात. मेलेल्याला दुखत नाही—

नंतर

पंजाबराव गेला. खरंच गेला. मी दोनदा पाहिलं.

—

गाडी! बाजारातून परतणारी गाडी. डॉक्टरांनीच 'उकंडराव' म्हणून हाक मारून थांबवली. फटीतून दिसतंय, चार माणसं आहेत. पुढे उकंडराव पाटील.

मी ओरडले. माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव, गाव अकोला. तानुबाईंना कुणी मारलं ते सांगितलं.

डॉक्टर त्यांना सांगत आहेत की आत दोन प्रेतं आहेत, आजच न्यायची. एक अजून हालतं.

पाटील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे बाई तं बोलून राह्यली!"

डॉक्टर म्हणाले, "जूनमध्ये तीही बोलत होती. तुम्हाला पाणी मागत होती. आठवतं ना, पाटील? पाय तुम्हीच धरले होते. ती जिवंत असती तर तुम्ही उचलली असती का?"



मी परत हाक मारली. पाटील, मी जिवंत आहे. तुमच्या पाया पडते. हो म्हणा, तीही जिवंत होती, एकदा म्हणून टाका, मग तुम्ही सुटाल, मीही—

पाटील दाराकडे पाहत आहेत. डोळे भरले आहेत त्यांचे.

पाटलांनी मान खाली घातली.

बाकीच्यांना म्हणाले, "धरा."

बाहेरची कडी निघाली. दाराला खांदे देत आहेत. आतली कडी खिळ्यांसकट सुट—

ओरडते आहे. ऐकू येतंय त्यांना, एक जण कानांवर हात ठेवून रडतो आहे आणि तरीही धक्का—

पाटील, माझं तोंड पाहा, नुसतं एकदा माझ्याकडे पा—