रेझ्युमेतली चार वर्षं

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा रेझ्युमे मिळाला. आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अरे, आवडीनिवडी कोण लिहितं? ‘सायकल दुरुस्ती, जुनी गाणी’! आमच्या भरतीच्या ऑफिसात अर्ज आधी यंत्र वाचतं. त्याला हवे ते शब्द सापडले नाहीत, तर अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचो’ काढून ‘गुणवत्ता नियंत्रण’ टाकलंय. पदवीचं साल काढलं, नाहीतर लगेच वय मोजत बसतात. ‘वैवाहिक स्थिती: विवाहित’ हेही काढलं. हल्ली ती ओळ कुणीच लिहीत नाही, दुसरं काही मनात आणू नकोस.

खरी अडचण पुढेच आहे. वहिनीच्या आजारपणात तू नोकरी सोडलीस, ती चार वर्षं कागदावर कोरी दिसतात. कोरी जागा दिसली की पुढे कुणी वाचत नाही. मीही वाचत नाही, खोटं कशाला बोलू! तिथे आणि ऑनलाइन प्रोफाइलवर ‘स्वतंत्र सल्लागार’ घालते. सगळेच घालतात. नाहीच काही जमलं, तर आमच्या हॉलमधला सोफा आहे. पण तू यायचा नाहीस, ठाऊक आहे मला.

राग आला तरी माया कमी करू नकोस,
भिंगरी

ता. १३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. इतकी वर्षं डब्याचं झाकण उघडून रंग बघत होतो, त्याला एवढं भारदस्त नाव आहे हे आत्ता कळलं. ‘विवाहित’ची ओळ गेली ते बरं झालं. तिथे दुसरा शब्द लिहायला माझा हात धजला नसता.

सल्लागार मात्र पटत नाही. मी कुणाला काय सल्ला दिला? तिची कूस बदलली, चमच्याने भरवलं, औषधाच्या वेळा सांभाळल्या. हे लिहिता येत नाही का गं?

पण परवा घरमालक दारात येऊन गेले. पुढच्या महिनाअखेरपर्यंत नोकरी दाखवा, नाहीतर खोल्या सोडा म्हणाले. ती गेली ती याच खोल्यांत. या भिंतींचा रंग तिने निवडला आणि मी जुळवला. मला इथून हलायचं नाही. तेव्हा घाल बाई, सल्लागार घाल. सोफ्यावर तुझे वाळलेले कपडेच शोभतात.

तूर्तास सल्लागार,
दादा

ता. २२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बघ, प्रोफाइल बदलून आठवडाही झाला नाही, तर रंगाच्याच कंपनीकडून मुलाखतीला बोलावणं! निळा शर्ट घाल, आणि इस्त्री करून, गादीखाली दाबून नव्हे. सल्ल्याचं विचारलंच तर सोबतच्या चिठ्ठीतली दोन नावं सांग. दोघेही माझ्या ओळखीचे आहेत, सांभाळून घेतील.

त्यांच्या होकाराची वाट बघणारी,
भिंगरी

ता. ३ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मुलाखत झाली. तिघं होते. पुढ्यात दोन रंगवलेल्या पट्ट्या ठेवल्या. मी म्हणालो, डावीकडची जराशी हिरव्याकडे झुकते. खूश झाले, चहा मागवला. मला वाटलं, खोल्या वाचल्या.

मग तुझ्याच वयाच्या एका बाईंनी विचारलं की चार वर्षं सल्लागार होतात, तर एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव सांगा. तुझी दोन्ही नावं जिभेवर होती. पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणालो, “एकच गिऱ्हाईक होतं. मला ते राखता आलं नाही.”

त्यांना वाटलं मी धंद्याचंच बोलतोय. का गेलं, म्हणून त्यांनी सरळपणे विचारलं. भिंगरी, तिला जाऊन सहा महिने होत आले, मी कुणासमोर रडलो नव्हतो. तिथे रडलो, परक्या माणसांत, इस्त्रीच्या शर्टात. पाणी प्यालो आणि सगळं खरं सांगून टाकलं. माणसं भली होती. दारापर्यंत सोडायला आली. पण अर्जात खोटं निघालं की घेता येत नाही, असं हळूच म्हणाली. त्यांचं काही चुकलं नाही, तुझंही नाही. जीव जाळून घेऊ नकोस.

प्रोफाइलवरून तेवढं सल्लागार काढ. त्या जागी ‘बायकोची शुश्रूषा, चार वर्षं’ असं लिही. पुढे कुणी वाचलं नाही तरी चालेल.

महिनाअखेरीला किल्ली मालकांना देतोय. सोफ्यावरचे कपडे उचलून ठेव.

आशीर्वाद आहेतच,
दादा