तिसऱ्या मैदानावर गोल झाला नाही

मंगळवार, २२ एप्रिल २००३
काउंटी डरहॅम

प्रिय बाबा,

तुम्ही आणि आई बरे असाल. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? आई म्हणाली डॉक्टरकडे जा म्हटलं की तुम्ही मैदानावर रोलर फिरवायला निघून जाता. फोनवर तुम्ही "बरं आहे ना, हा घे आईशी बोल" एवढंच बोलता, म्हणून लिहायला बसलोय. माझ्या अक्षराला हसू नका. शाळेत असतानाही ते असंच होतं आणि शाळेत मी फार नव्हतोच.

मी मजेत आहे. काम तेच. रस्ता खणायचा, गॅसचा पाइप टाकायचा, रस्ता बुजवायचा आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खायच्या. दीड वर्ष झालं, अजून सोडलेलं नाही. आईला सांगा, मुकादम मला कंटाळलेला नाही आणि मी मुकादमाला थोडाच कंटाळलोय.

एक विनंती. माझी पत्रं आई तुम्हाला वाचून दाखवते. हे तुम्ही स्वतः वाचा. यात एक नाव येणार आहे, जे आपल्या स्वयंपाकघरात निघत नाही. ते आलं की कागद चुलीत घालू नका, एवढंच आधी मागतो. शेवटी अजून एक गोष्ट मागणार आहे. ती द्यायची की नाही ते तुमच्यावर.

तर काल ईस्टरचा सोमवार, कामाला सुट्टी. इथल्या लीगमध्ये एक झकास प्रथा आहे. ईस्टरला चार गावांचे सामने मुद्दाम वेगवेगळ्या वेळी लावतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक बस ठरवतात आणि देशभरातले मैदानवेडे या मैदानावरून त्या मैदानावर असे दिवसभर फिरतात. आपल्यासारखेच क्लब सगळे, टीव्हीवर कधी न दिसणारे. कुंपणाला टेकून उभं राहायचं, गोलकीपरशी गप्पा मारायच्या. मीही बसमध्ये जागा घेतली.

पहिलं मैदान हॅगर्टनचं. कोळशाची खाण होती तेव्हाचं गाव, आता खाण नाही, क्लब आहे. सकाळी सामना, गवतावर दव, मोठ्या पावात बेकन घालून देत होते. तुम्ही आपल्या मैदानाच्या उताराला शाप म्हणता ना? इथं या कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभं राहिलं तर त्या कोपऱ्यातला झेंडा दिसतच नाही. पाहुण्यांचा बॅक म्हणाला, दुसऱ्या हाफमध्ये वर चढताना दोरखंड द्या. तीन-एक झालं. यजमान जिंकले, उतारानं जिंकवलं म्हणा.

बसमध्ये माझ्या शेजारी एनिड बसली होती. स्टोकची, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, आता निवृत्त. बाई नवऱ्याला घरी ठेवून दर शनिवारी कुठलं तरी नवं मैदान बघते. या मैदानवेड्यांचे नियम मोठे कडक असतात, बाबा. कुणी म्हणतो शिट्टी वाजायच्या आत पोचलो नाही तर मैदान धरायचं नाही, म्हणजे पाहिलेल्यांच्या यादीत मोजायचं नाही. कुणाला सामन्याची छापील पत्रिका हातात हवी. एनिडचा, आणि बसमधल्या बऱ्याच जणांचा, नियम असा, की गोल झाला नाही तर मैदान धरायचंच नाही, पुन्हा यायचं. एकदा म्हणे एका बेटावर बोटीनं दोनदा जावं लागलं. मी विचारलं, नियम तुमचाच, मोडला तर कोण बघतंय? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही मी चॅपलमध्ये च्युइंगगम खाल्लं तेव्हा पाहिलं होतं.

दुसरं मैदान थॉर्ली मूर. तिथलं गवत बघून मला तुमची आठवण आली. गालिचा नुसता. माळी म्हातारा आहे, सामना चालू असतानाही त्याचं लक्ष खेळाडूंच्या बुटांकडे. दोन-दोन. तिथं मी मांस-बटाट्याची पॅस्टी घेतली. त्यात गाजर होतं. आईला हे सांगू नका, तिला झोप लागणार नाही. मी विकणाऱ्या बाईला म्हटलं, आमच्या कॉर्नवॉलमध्ये हे केलं तर गावाबाहेर काढतील. ती म्हणाली, "मग बरं झालं, पोरा, तू इथं आलास."

आता तिसऱ्या मैदानाकडे यायला हवं. गवत आणि गाजर यात मी उगाच एवढा वेळ काढला नाही, हे तुम्हाला कळलं असेलच.

तिसरं मैदान ब्रॅकन हिल. डोंगराच्या कुशीतलं, वारा असा की कॉर्नर मारणाऱ्याला चेंडू एका माणसानं धरून द्यावा लागत होता. मैदानवेडे आणि गावकरी धरून चारेकशे लोक. ब्रॅकन हिलनं तो सामना जिंकला तर लीगमध्ये टिकायचं, नाही तर खालच्या लीगमध्ये जायचं, म्हणून गावच्या लोकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. दोन्ही संघ बोगद्यातून बाहेर आले. बोगदा कसला, दोन पत्र्यांमधली वाट. पुढं काळ्या कपड्यांत रेफरी. केस मागं घट्ट बांधलेले, चेंडू डाव्या काखेत.

ती टॅम्सिन होती, बाबा.

मी मैदानं बघायला गेलो नव्हतो. तिला बघायला गेलो होतो. या लीगमध्ये मधली शिट्टी तिच्या हातात पहिल्यांदाच आली होती. गेल्या दोन हंगामांत ती लाइनवर झेंडा घेऊन पळायची. पहाटे बेकरीत पाव भाजते, दुपारी पळायला जाते, रात्री नियमांचं पुस्तक उशाशी. माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून मी कधी सांगितलं नाही.

त्या शनिवारचं मी उगाळत बसणार नाही. गावचा कप, नेमलेल्या रेफरीची गाडी बंद पडलेली, आणि लीगनं पाठवलं कुणाला, तर अठरा वर्षांच्या टॅम्सिनला, तुमच्याच संघाच्या सामन्याला. तुम्ही लाइन्समनला काय बोललात ते सगळ्या गावानं ऐकलं. तिनं तुम्हाला मैदानाबाहेर काढलं आणि उरलेला सामना तुम्ही मातीच्या ट्रकच्या टपावर उभं राहून पाहिलात. लोक अजून हसतात हे मला माहीत आहे. घरी आल्यावर तुम्ही तिला म्हणालात, या घरात एकच मॅनेजर असतो, आणि ती बॅग भरून माझ्याकडे आली. तेव्हापासून अडीच वर्षं तिचं नाव नाही. कोण बरोबर, कोण चूक ते तुम्ही दोघं जाणा. मी फक्त काल काय पाहिलं ते सांगतो.

सामना शून्य-शून्य रखडला. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली. आता गंमत बघा. ब्रॅकन हिलवाल्यांना गोल हवा होता, टिकायला. आणि आम्हा बसवाल्यांनाही गोल हवा होता, मैदान धरलं जायला. एनिड तर रुमाल पिळत होती. पाहुण्यांचे पंधरावीस लोक सोडले तर अख्खं मैदान एका बाजूला.

ब्रॅकन हिलला कॉर्नर मिळाला. चेंडू वाऱ्यावर वळला, गर्दीत कुणी तरी उडी मारली आणि जाळं हललं. काय गोंगाट झाला म्हणून सांगू. अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना मिठ्या मारल्या. एनिडनं माझ्या डोक्यावरची टोपी हवेत उडवली. लाइन्समन झेंडा खाली धरून मधल्या रेषेकडे पळायला लागला होता, म्हणजे त्याच्या मते गोल.

टॅम्सिन जागची हलली नव्हती. तिनं शिट्टी फुंकली आणि स्वतःच्या मनगटावर हात मारून दाखवला. हाताला लागला. गोल नाही.

बाबा, चारशे माणसं एका माणसावर ओरडतात तेव्हा कसा आवाज होतो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बऱ्याचदा त्यातले एक असता. ब्रॅकन हिलचा कप्तान, दरवाजाएवढा माणूस, तिच्या तोंडापाशी येऊन ओरडायला लागला. ती मागं सरकली नाही. त्याला श्वास घ्यायला थांबू दिलं. वारा आमच्याकडे वाहत होता म्हणून मला तिचं वाक्य नीट ऐकू आलं. ती म्हणाली, "बोलून झालं? मग आता खेळ."

हे वाक्य कुणाचं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या संघातला एकही पोरगा नसेल ज्यानं ते तुमच्या तोंडून ऐकलं नाही. आवाजसुद्धा तोच, तळातून येणारा. कप्तान पाठ फिरवून गेला.

मग त्यांचा मॅनेजर रेषा ओलांडून आत आला. ती चालत त्याच्याकडे गेली. पळत नाही, चालत. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तो दोन पावलं मागं गेला आणि रेषेच्या बाहेर उभा राहिला. कार्ड तिनं खिशातून काढलंच नाही. मला वाटतं त्या एका शनिवारी ती जे शिकली ते तिला इथं उपयोगी पडलं. माणूस राहू शकत असेल तर त्याला राहू द्यायचं.

शून्य-शून्यच संपलं. ब्रॅकन हिल खाली गेलं. लोक अजून ओरडत होते आणि एनिड तिच्या नावानं असं काही बोलली की शाळेच्या स्वयंपाकघरात ती काय काय शिकली ते कळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही पोरगी आहे तरी कोण?"

"माझी बहीण," मी म्हणालो.

हळू नाही म्हणालो. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं काही सांगितलं नसेल, कारण सांगण्यासारखं काही केलेलंच नाही. दोन-तीन जण वळून बघायला लागले. एनिडनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "माझं मैदान खाल्लं तिनं, सांग तिला." आणि मग थोड्या वेळानं, जराशी खालच्या आवाजात, "हात होता. मीही पाहिला. ओरडले ते वेगळं."

क्लबच्या बारमध्ये तो गोल मारणारा पोरगा टॅम्सिनपुढं येऊन उभा राहिला. मला वाटलं आता भांडण. त्यानं लिंबू सरबताचा ग्लास तिच्यापुढं ठेवला, स्वतःच्या मनगटाकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. गाव खाली गेलेलं असताना तेवढं करायलाही छाती लागते.

चौथ्या मैदानाला ती आमच्याच बसनं आली. चढल्याबरोबर सगळ्या बसनं तिला धारेवर धरलं. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी इथं परत यावं लागणार, आमच्या भाड्याचं बघ आता. कुणी म्हणालं, डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता देतो. ती हसत सगळ्यांना उत्तरं देत होती. एनिडनं अर्धं सँडविच तिच्या हातात कोंबलं आणि विचारलं, घरचे काय म्हणतात मग, एवढ्या शिव्या खातेस त्याबद्दल?

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. टॅम्सिन म्हणाली, "शिव्या ऐकू येत नाहीत हो. सगळ्यांचा मिळून एकच आवाज होतो, समुद्रासारखा. माझ्या बाबांचा आवाज तेवढा त्यातून वेगळा ऐकू यायचा. आता तो नसतो, त्यामुळे काम सोपं जातं." मग सँडविच तसंच हातात धरून म्हणाली, "फार सोपं जातं."

  चौथ्या मैदानावर पाच गोल झाले, पण मला एकही धड आठवत नाही.

आता मागणं. आज सकाळी लीगच्या सेक्रेटरीचा तिला फोन आला. मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी इथल्या कपची फायनल आहे, आणि ती तिनं चालवावी असं त्यांचं म्हणणं आहे. काल सामना तपासायला त्यांचा माणूस आला होता, त्यानंच नाव सुचवलं. तिच्या वयाच्या पोरीला फायनल याआधी दिलेली नाही. रेफरीच्या घरच्या दोघांना पुढच्या रांगेत बसवतात. तिनं एक जागा मला दिली. दुसरीचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "राहू दे रिकामी." माझ्याकडे न बघता म्हणाली. हे पत्र मी लिहितोय ते तिला माहीत नाही.

बाबा, तुमचा हंगाम त्याच्या आधीच्या शनिवारी संपतो, मी आईला विचारून घेतलंय. आदल्या दिवशी सकाळची गाडी पकडलीत तर रात्री पोचाल. मी स्टेशनवर असेन. माझी कॉट तुम्हाला, मी खाली झोपेन. गाजराची पॅस्टी खायला लावणार नाही. माफी मागा असं मी म्हणत नाही, तीही मागणार नाही, तुमचीच मुलगी आहे. फक्त त्या खुर्चीत येऊन बसा.

आणि गप्प बसा असंही म्हणत नाही. तिची शिट्टी पटली नाही तर उभं राहून खुशाल ओरडा, नेहमीसारखं. ती निर्णय बदलणार नाही. पण एवढ्या गोंगाटातही तुमचा आवाज ती ओळखेल.

आईला माझं प्रेम.

तुमचा मुलगा, आणि टॅम्सिनचा भाऊ,
जोरी