शनिवारच्या बोटीची नोंदणी उघडण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय व्यवस्थापक,
जिल्हा नगरपालिका, पुएर्तो अल्मेंद्रो, पेरू

विषय : संकेतस्थळाचे पत्ते वळवण्याच्या नियमात मी परस्पर केलेल्या दुरुस्तीस मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज (लेखी उत्तर नाही).

महोदय,

१. मी पालिकेच्या संगणक कक्षात नोकरीस आहे. सोमवारी आपले संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर गेले. जुन्या सर्व्हरचे पत्ते वळवण्याचे नियम नव्याच्या भाषेत उतरवण्याचे काम ठेकेदाराकडे होते. जुना शेवटचा नियम असा, की मागितलेले पान अस्तित्वात नसेल तरच माणसाला मुखपृष्ठावर न्यावे. ठेकेदाराने ‘नसेल तरच’ ही अटच गाळली, नियम सर्वांत वर नेला आणि त्यावर ‘कायमचे वळवा’ असा शेरा मारला. तेव्हापासून कोणताही पत्ता उघडा, मुखपृष्ठावरचे नगराध्यक्षसाहेबांचे हसरे छायाचित्रच पुढे येई.

२. रुग्णांची बोट शनिवारी पहाटे निघते आणि यादीत नाव असेल त्याच गावी थांबते. नाव तोंडी घेऊ नये, असा आपलाच आदेश आहे. नोंदणीचा पत्ता नदीकाठच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगवलेला आहे. सान रोकेच्या रोसाउरा पिसांगो यांची लेक येसेनिया हिचे दिवस भरत आलेत, रक्तदाब चढला आहे. रोसाउराबाईंचा सकाळी फोन आला : “बाई, बोट मागायला गेले तर साहेब नुसते हसतायत. पोरीच्या डोळ्यांपुढं अंधारी येतेय. मी करू काय, सांगा ना.”

३. आपण म्हणालात, “पान उघडतंय ना? मग साइट चालू आहे.” ठेकेदार म्हणाला, “माझं काम पास झालंय बाई, नवा आदेश आणा.” आदेशासाठी आवक विभागात गेले, तर तक्रार फक्त संकेतस्थळावरूनच घेतात. तिथेही तेच छायाचित्र उघडले. वैताग आला, महोदय.

४. सबब आज दुपारी परवानगीविना मी ती अट परत घातली. पण ज्या फोनांनी पत्ता एकदा उघडला, त्यांनी ‘कायमचे’ हे मनावर घेतले आहे. ते सर्व्हरला न विचारता थेट मुखपृष्ठावर जातात. माणसे जिथे पोचतात तिथेच नोंदणी नेण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून छायाचित्र काढून त्या जागी बोटीची नोंदणी ठेवली आहे.

माझ्यावर कारवाई जरूर करावी. परंतु येसेनियाचे नाव अजून आलेले नाही. ते येईपर्यंत साहेबांचे छायाचित्र परत लागणार नाही.

हुकमाआधी वागलेली, तरी आपली नम्र,
(सही)
निल्दा शुपिंगावा
शुक्रवार, १४ मार्च

सोबत : जुना नियम, ठेकेदाराचा नियम व माझा नियम.