अकरा की साडेआठ

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुडघ्याचे टाके निघाले हे वाचून आईचा जीव भांड्यात पडला. शर्यती कायमच्या सोडल्या आहेस, तेही मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, गुडघाच तो, होईल बरा. आणि पुन्हा कामाला लागले.

काम म्हणजे तुझी मोटरसायकल. गिऱ्हाइकांच्या गाड्या फाटकापर्यंत खोळंबल्यात आणि मोठ्या बाकावर तुझं इंजिन पसरलंय. बाबांना कॉम्प्रेशन अकराच हवं. पिस्टन खालून वर येताना तीनशे सेहेचाळीस सीसी जागा व्यापतो. वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर जी पोकळी उरते ती मोजायची, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला त्या पोकळीने भागायचं. पोकळी जितकी लहान, तितका दाब जास्त. म्हणून त्यांनी उंच घुमटाचा पिस्टन बसवलाय.

मोजायला प्लगच्या भोकातून सिरिंजने पातळ तेल सोडावं लागतं. बाबांचा हात थरथरतो, पण सिरिंज मला देत नाहीत. निम्मं तेल बाकावर, उरलेलं माझ्या शर्टावर. दर वेळी आकडा वेगळा. शेवटी ते जेवायला गेल्यावर मी मोजलं. पस्तीस सीसी भरलं, म्हणजे अकराला किंचित कमी. ऐकून ते खूश झाले.

मी नाही झालो. एवढ्या दाबाला किक मारताना मलाही सगळं अंग टाकावं लागतं. किकने उलटा झटका दिला तर तुझा गुडघा कामातून गेला. हे बोललो, तर त्यांनी अबोला धरला. दिवसभर गाड्यांशी झुंजायचं, मग यांची मनधरणी. दमलो गं मी. आता तूच लिही त्यांना.

जीवाला जप, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
दादा


१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र मिळालं. त्याच्याशी बोला आधी. तो बिचारा शर्टासकट तेलात मुरलाय.

मी पुन्हा कामावर जाते आहे. घरोघरी पाण्याचे मीटर वाचायचे, जिने चढायचे, उतरायचे. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. पायी फिरणं आता जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मला गाडी हवी आहे. दारोदार थांबायचं आणि पुन्हा सुरू करायची, एवढंच तिचं काम.

अकराचं इंजिन तुम्ही ज्या मुलीसाठी बांधताय ना, तिची आठवण मलाही येते. शर्यतीत पहिल्या वळणावर ती तुमच्याकडे बघून हात करायची. पण गाडी न्यायला ती येणार नाही, बाबा. मी येणार आहे. मला झेपेल अशी द्या.

रागावलात तरी चालेल, पण लोभ कमी करू नका.
भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घे. तुझं पत्र वाचून राग आला. कुणाचा ते समजेना, म्हणून दादावर काढला. मग एक दिवस नुसता बाकाशी बसून राहिलो. त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी घुमटाचा पिस्टन मीच त्याला काढायला सांगितला. सपाट बसवला. सिरिंज या वेळी त्याच्या हातात दिली, मी नुसता बघत होतो. सेहेचाळीस भरलं. भागाकार मी केला, साडेआठ. इतकं मवाळ इंजिन मी जन्मात बांधलेलं नाही.

दादाच्या किकला ते लगेच सुरू झालं, पण त्याच्या मांडीत बैलाचं बळ, त्याचा काय भरवसा. म्हणून तुझ्या आईला हाक मारली. तिने आधी स्वतःच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं, मग पदर खोचून चढली. पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्या किकला सुरू, आणि तेही घरातल्या चपलेने. दादा हसायला लागला. किती दिवसांनी हसला पोरगा.

आवाज फार मऊ आहे. माझ्या कानाला अजून सवय व्हायचीय. पण गाडी तयार आहे, लवकर येऊन घेऊन जा. आई रोज सकाळी सुरू करून तिच्यावर बसते आणि उतर म्हटलं तर ऐकत नाही.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळ.
बाबा